जुन्या पेटीचा रंग काढण्याआधी

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात, जुन्या बाजारातून आणलेल्या लाकडी पेटीला एका दुपारीत नवे रूप कसे द्यावे हे सांगणारा सचित्र लेख आला होता. पेटी काचपेपरने खसाखसा घासावी, तिच्यावर खडूसारखा मंद पांढरा रंग द्यावा, कागदी नॅपकिनवरची गुलाबाची फुले कापून चिकटवावीत आणि वरून वॉर्निशचे दोन हात मारावेत, असा तो सोपा पाठ होता. लेख हौसेने लिहिलेला होता आणि मोडीत निघालेली वस्तू पुन्हा वापरात आणण्याचा त्यामागचा हेतू मला मनापासून पटला. मी पुण्यातल्या एका शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवली. रिकाम्या काडेपेट्या, नारळाच्या करवंट्या, आइस्क्रीमच्या काड्या यांतून मुलांकडून काही ना काही करून घेण्यात माझी उमेद गेली, त्यामुळे अशा हौसेला नावे ठेवण्याचा मला अधिकारच नाही.

तरीही हे पत्र लिहावेसे वाटले, कारण त्या लेखात सांगितलेली चूक मी स्वतः दोन वर्षांपूर्वी जशीच्या तशी केलेली आहे. त्या चुकीतला एक भाग आरोग्याचा होता, आणि तो छापील मजकुरात येणे मला आवश्यक वाटते. दुसरा भाग नजरेचा होता. पेटीवर काय रंगवावे हे आपण ठरवतो, पण पेटी मुळात कशाची आणि कशासाठी केलेली होती हे पाहण्याइतकाही वेळ तिला देत नाही.

मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, हे पुणेकरांना सांगायला नको. बुधवारी गर्दी बेताची असते, म्हणून मी बुधवारी जाते. जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर गंजलेली कुलुपे, नळाच्या तोट्या, बंद पडलेले रेडिओ आणि अडकित्ते यांच्या मधोमध एक हातभर लांबीची पेटी पालथी पडलेली होती. तिच्यावर शाळेच्या बाकांना असे तसल्या जाड हिरव्या ऑइलपेंटचा थर होता, एक बिजागरी निखळलेली होती आणि झाकणाचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला होता. विक्रेत्याने आठशे सांगितले. मी तीनशेवर आले. "मावशी, उचलून तर बघा, सागवान आहे," असे म्हणून त्याने ती माझ्या हातात दिली आणि तिच्या वजनाने माझा उरलासुरला निग्रह गेला. साडेपाचशेला पेटी घरी आली.

दुसऱ्याच दिवशी मी गॅलरीत बसून ८० नंबरच्या काचपेपरने ती कोरडीच घासायला घेतली. हिरवी भुकटी भुरुभुरु उडत होती. माझी चार वर्षांची नात शेजारी बसून त्या भुकटीत बोटाने रेघोट्या काढत होती आणि मधूनच तेच बोट तोंडात घालून खाऊच्या वाटीतला पुढचा चुरमुरा उचलत होती. तासाभराने माझा एक जुना विद्यार्थी सहज भेटायला आला. तो आता रंगकामाचे ठेके घेतो. त्याने जिन्यातूनच पाहिले आणि चप्पल न काढता आत येऊन आधी नातीला उचलले. "बाई, हा रंग किती जुना आहे ते माहीत आहे का तुम्हाला?" असे त्याने विचारले. वर्गात रंगांच्या नळ्या तोंडाशी नेऊ नका म्हणून ज्यांना ओरडले, त्यांच्यातल्याच एकाने मला ते विचारावे, यातली गंमत मला त्या क्षणी मुळीच जाणवली नाही.

जुन्या तैलरंगांत शिसे असते, एवढे मला ऐकून माहीत होते, परंतु ते माझ्या मांडीवर असेल असे कधी वाटले नव्हते. रंग लवकर वाळावा, झळाळावा आणि उन्हापावसात टिकावा म्हणून शिशाची संयुगे त्यात घालत असत. पिवळा, नारिंगी आणि हिरवा या रंगांत ती विशेष असत, कारण पिवळा रंग अनेकदा शिशाच्या क्रोमेटपासून होई आणि त्यातच निळा मिसळून हिरवा तयार करत. आपला परंपरागत शेंदूर म्हणजेही शिशाचा ऑक्साइडच. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, यापेक्षा अधिक असू नये असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. याचा सरळ अर्थ असा, की जुन्या बाजारात जी रंगवलेली वस्तू आपण उचलतो ती बहुधा या नियमाच्या आधीची असते आणि तिच्या रंगात काय आहे हे नुसते पाहून कोणालाही सांगता येत नाही. शिशाची कोणतीही मात्रा लहान मुलांसाठी सुरक्षित मानता येत नाही आणि पोटात गेलेले शिसे मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चौपट-पाचपट शोषले जाते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने नातीच्या रक्ताची तपासणी करून घेतली. ती सुदैवाने ठीक आली, पण अहवाल येईपर्यंतचे चार दिवस मी सुनेच्या नजरेला नजर दिली नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की असा लेख छापताना रंगवलेली जुनी वस्तू कोरडी घासू नये, हे एक वाक्य त्यात ठळकपणे असावे. रंग घट्ट बसलेला असेल, कुठे पोपडे आलेले नसतील, तर तो काढण्याची गरजच नसते. ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, त्याच्यावरच नवा थर देऊन तो बंद करून टाकणे सर्वांत शहाणपणाचे. काढायचाच असेल तर वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओलाच चालवावा, खाली ओली वर्तमानपत्रे पसरावीत, निघालेला चिखल त्याच कागदात गुंडाळून पिशवीत बांधून टाकावा आणि तो झाडूने झाडू नये, जाळू तर अजिबात नये. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या रंग काढायच्या जेलने काम सोपे होते, मात्र ते हातमोजे घालून, उघड्यावर आणि मुलेबाळे घरात नसताना करावे. गॅसच्या ज्योतीने रंग भाजून काढण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात शिशाची वाफ थेट छातीत जाते. पुढचे सगळे काम मी त्या विद्यार्थ्याच्या देखरेखीखाली, तोंडाला मास्क बांधून आणि नातीला तिच्या आईकडे पाठवून केले.

आता त्या हिरव्या रंगाखाली काय निघाले ते सांगते, कारण या पत्राचे खरे कारण तेच आहे.

हिरव्याखाली एक पिवळट थर होता, त्याखाली काळपट पडलेले, तेल मुरलेले सागवान. कोपऱ्यांत खिळा नव्हता. दोन्ही फळ्यांना दात पाडून ते एकमेकांत इतके नेटके बसवलेले होते, की बोट फिरवले तरी सांधा लागत नव्हता. झाकणाच्या आतल्या बाजूला चौकोनी खाच होती आणि तिच्यात, कडांनी पारा उडालेला, जाड काचेचा आरसा रंगाखाली झाकला गेलेला होता. कोणी कोण जाणे, आरशावरूनसुद्धा हिरवा ब्रश फिरवला होता. आतल्या फळीत एक लांबट कप्पा, एक गोल खळगा, त्याहून लहान दुसरा खळगा आणि तळाशी बोटभर उंचीचा एक ओढायचा खण. गोल खळग्याच्या कडेला टोकदार काडीने रंग खरवडताना हिरव्या भुकटीत अचानक लाल कण दिसू लागले. ते हाताला किंचित चिकट लागत होते. त्यात मेण होते.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बाजारातल्या माणसाने जिला दागिन्यांची पेटी म्हणून विकले आणि मी जिला रंगांच्या नळ्या ठेवायला म्हणून घेतले, ती फणेरपेटी होती. लांबट कप्पा फणीचा, गोल खळगा कुंकवाच्या करंड्याचा, लहान खळगा मेणाच्या डबीचा आणि खालचा खण काजळ, आगवळ, आकडे असल्या बारीकसारीक चिजांचा. आज चाळिशीच्या आतल्या वाचकांना हे समजावून सांगावे लागेल. टिकलीच्या पाकिटांच्या आधी बायका कपाळावर बोटाने मेणाचा गोल लावत आणि त्याच्यावर कोरडी पिंजर टेकवत, म्हणजे ती घामाने ओघळत नसे. माझी आजी पहाटे चुलीपाशी जाण्याआधी भिंतीला टेकून बसे, पेटीचे झाकण उघडून आरसा तिरका करी आणि एका बोटाच्या एकाच फिरकीत तो गोल असा काढी, की मला पुढे तीस वर्षे फळ्यावर खडूने तसा वाटोळा गोल काढायला जमला नाही. मेणाचा तो वास मला आठवतो, पण वर्णन करता येत नाही.

हे सगळे मी कोरड्या काचपेपरने आणखी दोन तास घासत राहिले असते तर भुकटीबरोबर उडून गेले असते आणि त्यावर पांढरा रंग देऊन गुलाब चिकटवले असते तर कोणाला कधी कळलेही नसते. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास वाड्यावाड्यांतून आणि गावोगावच्या माळ्यांवरून दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या असल्या रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि १९७५ साली तो सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला, म्हणून आज बाजीराव रस्त्याजवळच्या त्या संग्रहालयात आपल्याला त्या काचेआड पाहता येतात. प्रत्येक जुनी पेटी संग्रहालयात जावी असे माझे म्हणणे नाही. माझी पेटी तशी सामान्यच आहे, तिच्यावर कोरीव काम नाही, पितळी फुले नाहीत. परंतु रंगाचा डबा उघडण्याआधी ती एकदा उलटीपालटी करून, आतून बाहेरून, उजेडात पाहायला काय हरकत आहे? तळाला सुताराची खूण असते, कधी पेन्सिलीने लिहिलेले नाव असते, खणाच्या मागच्या फळीवर एखादी चिठ्ठी चिकटलेली असते.

आपल्या लेखातल्या नॅपकिनच्या फुलांविषयी दोन शब्द लिहिते. कागद कापून, चिकटवून, वॉर्निशखाली दाबून टाकण्याच्या या कलेला डेकूपाज म्हणतात. मीही ती मुलींना शिकवलेली आहे. नॅपकिनचे पदर सोडवून फक्त वरचा छापील पदर घ्यायचा, पाणी घातलेला फेव्हिकॉल लावायचा आणि सुरकुती पडू नये म्हणून वरून प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवून तळहाताने दाबायचे, म्हणजे चित्र रंगवल्यासारखे दिसते. पण ही कला बहरली कशी ते पाहण्यासारखे आहे. अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये चिनी आणि जपानी लाखकामाच्या वस्तूंची मोठी चलती होती, त्या परवडत नव्हत्या, म्हणून तिथल्या कारागिरांनी छापील चित्रे कापून लाकडावर चिकटवून त्यांच्यावर वॉर्निशचे थरावर थर दिले आणि तसाच देखावा निर्माण केला. इटलीत या कामाचे नावच 'लाका पोव्हेरा', म्हणजे गरिबाची लाख, असे पडले. पूर्वेकडची ती लाख झाडाच्या चिकापासून होते आणि आपली किड्यापासून, हा फरक आहे खरा. तरी अस्सल लाखकाम ज्यांच्या प्रांतात आजही चालते त्या आपण सावंतवाडीच्या शेजारी बसून व्हेनिसच्या नकलेची नक्कल करावी, हे मला जरासे केविलवाणे वाटते.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाची फळे आणि खेळणी मिळतात, हे आंबोली उतरून गोव्याला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. तिथल्या गंजिफांविषयी मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. दशावतारी गंजिफेचा संच १२० गोल पत्त्यांचा, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, सगळे हाताने रंगवलेले आणि लाखेचा हात दिलेले, आणि ते ठेवायला तितकीच रंगवलेली लाकडी पेटी. ही कला जवळजवळ संपली होती. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी हयात असलेल्या जुन्या चिताऱ्याकडून ती शिकून घेऊन राजवाड्यातच नव्या हातांना शिकवायची सोय केली, म्हणून ती टिकली. मी शाळेची सहल घेऊन तिथे गेले होते तेव्हा एक कारागीर बाई पेटीच्या झाकणाला काठ रंगवत बसल्या होत्या. त्यांनी पट्टी लावली नव्हती, पेन्सिलीची रेघ मारली नव्हती. ब्रशाच्या चार-पाच केसांनी ओढलेली रेघ झाकणाच्या चारी बाजूंनी फिरून नेमकी निघाली तिथेच येऊन मिळाली. आमची मुले तोपर्यंत कधी नव्हे ती गप्प बसली होती.

त्या कामातले शास्त्र साधे आहे आणि घरी करून पाहण्याजोगे आहे. डिंकात घोटलेला रंग पाण्यात विरघळतो, स्पिरिटमध्ये नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पाण्यात नाही. त्यामुळे रंगावर लाखेचा हात फिरवला तरी खालचे चित्र फिसकटत नाही आणि वर एक पारदर्शक, किंचित सोनेरी पापुद्रा बसतो. शाळेतले पोस्टर कलरसुद्धा याच जातीचे असतात, म्हणून ते इथे चालतात. एवढ्या गोष्टीवर विसंबून मी माझ्या पेटीचे काम केले.

आधी दुरुस्ती केली. बिजागऱ्या काढून घेऊन त्या वेगळ्या चिंच-मिठाने घासल्या. लाकडावर असतानाच चिंच लावली तर डाग पडतो. काढलेले पितळी स्क्रू ज्या त्या बिजागरीबरोबर वाटीत ठेवले, कारण जुन्या स्क्रूंचे आटे एकसारखे नसतात आणि अदलाबदल झाली की बसत नाहीत. खणाचा एक सांधा सुटला होता. आमच्या सुतारमिस्त्रींनी तो पाहून सांगितले, की जुनी चिकटवण सरसाची आहे, कोमट पाण्याच्या फडक्याने ती मऊ पडेल, ती पुरती पुसून काढल्याशिवाय वरून फेव्हिकॉल लावू नका, धरणार नाही. तसेच झाले. मी घाईने एकदा लावला होता तो दोन दिवसांत सुटला. कोपऱ्यावर टाचणीएवढी भोके दिसत होती, म्हणून पेटी आठ दिवस काळ्या कागदावर ठेवून पाहिली. खाली ताजे पीठ पडले असते तर आत कीड जिवंत आहे असे समजायचे होते. थोडे पडले. अशा वेळी लहान वस्तू प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून दोन आठवडे गोठवणे हा संग्रहालयांतही वापरला जाणारा उपाय आहे. त्या दोन आठवड्यांत आमच्या शीतपेटीतल्या मटारच्या पिशव्या शेजारणीकडे राहायला गेल्या आणि त्यावरून घरात जे बोलणे झाले ते छापण्याजोगे नाही.

मग लाख. बाजारात चपडा लाख सुट्टी मिळते. शंभर ग्रॅम लाख अर्धा लिटर स्पिरिटमध्ये घालून बरणीचे झाकण घट्ट लावून एक रात्र ठेवली, अधूनमधून हलवली आणि सकाळी जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळली. स्पिरिट पेट घेते, म्हणून हे काम स्वयंपाकघरात करू नये. मलमलीत कापूस गुंडाळून केलेल्या पोटलीने पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, अगदी बारीक पेपरने अलगद पुसायचा, पुन्हा हात द्यायचा. मी सात हात दिले. पॉलिशवाले याहून कितीतरी जास्त देतात. चूक इथेही झाली. मी उत्साहाने आषाढात बसले आणि तिसऱ्या हाताला सगळे झाकण दुधाळ पांढरे पडले, कारण दमट हवेतली ओल लाखेत अडकते. दोन दिवस पंख्याखाली ठेवून, ऊन पडल्यावर नुसत्या स्पिरिटचा ओझरता हात फिरवला तेव्हा ते पांढरेपण गेले. ज्यांना लाखेची चमक नको असेल त्यांनी जवसाचे उकळलेले तेल, रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते, चोळून लाकूड मुरू द्यावे, तेही छान दिसते. परंतु त्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ते आपोआप तापतात आणि पेटू शकतात. पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

सजावट मी कुठे केली, असे वाचक विचारतील. बाहेर काहीच केले नाही. सागवानाच्या धारी लाखेखाली वर आल्यावर त्यांच्यावर आणखी काही चढवायची इच्छाच झाली नाही. झाकणाच्या आत, आरशाच्या भोवती जी दोन बोटांची मोकळी पट्टी आहे, तिथे गेरूच्या जमिनीवर पिवळ्या आणि काळ्या रंगात बकुळीच्या फुलांचा काठ काढला. गंजिफाचा अवतार काढण्याची माझी छाती झाली नाही आणि त्या कारागीर बाईंची रेघ एकदा पाहिल्यावर होणारही नाही. माझी रेघ चार ठिकाणी हललेली आहे, ती तशीच ठेवली. तळाच्या खणाला आईच्या जुन्या खणाच्या चोळीचा तुकडा लावला, पण तो थेट लाकडाला न चिकटवता जाड पुठ्ठ्यावर ताणून आत बसवला, म्हणजे पावसाळ्यात काढून उन्हात ठेवता येतो आणि पुढे कोणाला तो नको झाला तर लाकूड जसेच्या तसे राहते. आरसा बदलला नाही. त्यात चेहरा नीट दिसत नाही, आणि माझ्या वयाला ते सोयीचेच आहे.

पांढरा रंग आणि गुलाब यांच्यावर माझा सरसकट राग आहे, असे मात्र समजू नये. जुन्या बाजारात मिळणाऱ्या दहा पेट्यांतल्या निदान पाच-सहा प्लायवुडच्या, खोक्याच्या देवदाराच्या किंवा आधीच कोणीतरी सनमायका ठोकून वाट लावलेल्या असतात. त्यांना खुशाल रंगवावे, मुलांना रंगवायला द्यावे, फुले चिकटवावीत, काच लावावी, उलट त्याने त्यांचे भलेच होते. मात्र तिथेही खालचा जुना रंग कोरडा घासू नये, एवढेच. पेटी उचलताना ती आपल्या आकाराच्या मानाने जड लागली, कोपऱ्यात खिळ्यांऐवजी दातांचा सांधा दिसला, बिजागरीच्या स्क्रूला एकच आडवी खाच असली, की हात थोडा आखडता घ्यावा. आणि ती शंभर वर्षांहून जुनी असल्याची काही खात्रीलायक खूण सापडली, तर परदेशातल्या मुलाबाळांना भेट म्हणून पाठवण्याच्या भानगडीत पडू नये. कलाकुसरीच्या इतक्या जुन्या वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येतात आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. माझ्या पेटीवर सुताराची खूण सापडली, साल सापडले नाही. मोडी लिपीतली दोन अक्षरे तळाशी कोरलेली आहेत आणि ती वाचणारे मला अजून कोणी भेटलेले नाही.

पुरवणीच्या लेखिकेला माझ्याकडून एवढेच कळवावे, की त्यांनी पुढचा लेख जरूर लिहावा, आणि पुढच्या वेळी छायाचित्रात घासण्याच्या कामाशेजारी लहान मूल बसवू नये. लेखाबरोबर छापलेल्या छायाचित्रातली मुलगी साधारण माझ्या नातीएवढी होती, म्हणून माझे लक्ष आधी तिच्या बोटांकडेच गेले.

गोल खळग्याच्या कडेचे ते लाल मेण मी काढले नाही. त्याच्यावर लाखेचा हातही फिरवला नाही. खालचा खण पावसाळ्यात फुगतो आणि अडकतो. मिस्त्रींनी तो अर्ध्या तासात तासून देतो म्हणून सांगितले होते, परंतु ओल्या दिवसांत तासलेला खण उन्हाळ्यात खुळखुळा होतो, असे तेच पुढे म्हणाले, तेव्हा दिवाळीनंतर लाकूड सुकेपर्यंत थांबायचे आम्ही ठरवले आहे. तोपर्यंत तो उघडायचा झाला तर नात दोन्ही हातांनी ओढते आणि मी पेटी धरून ठेवते.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
पुणे